ठिपका वाळेपर्यंत

वाचनालयाची भिंत मी बिघडवली. आधीच सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेल.

आत्याचं रंगाचं दुकान आहे आणि मी तिथे रंग जुळवते. म्हणजे गिऱ्हाईक काहीतरी घेऊन येतं. दाराचा सुटलेला पोपडा, फुटकी फरशी, एकाने तर पोराच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक आणलं होतं. आणि म्हणतं, अगदी अस्सा रंग पाहिजे. मग मी पांढऱ्या इमल्शनच्या डब्यात थेंब थेंब रंग टाकत, ढवळत, बघत बघत तो अस्सा रंग आणते. काटा नाही, माप नाही, नुसता डोळा. आधी हे काम आत्या करायची. वीस-बावीस वर्षं केलं तिने. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि साखर इतकी वर असते की डॉक्टर ऑपरेशनची तारीख देत नाहीत. तिला आता लिंबू आणि बटाटा यांतला फरक वासावरून कळतो.

शाळेत मला काही जमलं नाही. नववीत असताना एके दिवशी माझं डोकं सटकलं आणि मोठ्या बाईंच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट मी खिडकीतून बाहेर भिरकावला. खिडकी बंद होती. त्यानंतर शाळेने मला आणि मी शाळेला रामराम ठोकला. मग एक बेकरी झाली, एक कुरियरवाला झाला, दोन्हीकडे दोन-दोन महिने. रंग मात्र जमला. पहिल्याच आठवड्यात आत्याने मला सहा पांढरे दाखवले आणि मी सहाही वेगळे ओळखले. त्या दिवसापासून तिने मला नावाने हाक मारणं सोडून ‘ठिणगे’ म्हणायला सुरुवात केली. आत्याच्या भाषेत हा सत्कार होता.

तर, वाचनालय. त्यांच्या लांब व्हरांड्याला फिकट निळा रंग द्यायचा होता. दोन डबे आधी गेले, चार डबे आठ दिवसांनी. लंबू पेंटरने ते लावले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात येऊन, काउंटरवर टोपी ठेवून तो म्हणाला की भिंतीला अर्ध्यातून ढग आलाय. मी जाऊन बघितलं. खरंच. अर्ध्यापर्यंत सकाळ आणि पुढे एकदम संध्याकाळ.

चूक कळायला मला एक सेकंद लागला, आणि तीच लाज. ओलं इमल्शन फिकं दिसतं, वाळलं की गडद होतं. हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. रंग जुळवला की कार्डावर ठिपका द्यायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग नमुन्याशेजारी धरून बघायचं. त्या चार डब्यांच्या वेळी मी थांबले नव्हते. ओला ठिपका फिका दिसला, घाल अजून निळा. अजून फिका दिसला, घाल अजून.

पण का थांबले नाही, ते विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्या दिवशी माझ्या कातडीखाली कुणीतरी सँडपेपर घासत होतं. छाती दुखत होती, पोट फुगलं होतं, चप्पल घट्ट होत होती, आणि लंबू पेंटर नाकातून श्वास घेत होता याचासुद्धा मला राग येत होता. दोन दिवसांनी पाळी आली आणि सगळं ओसरलं. दर महिन्याला हेच. पेपरवेट, बेकरी, कुरियरवाला, सगळं त्याच दिवसांतलं. पण तेव्हा मी असं मोजलेलं नव्हतं. मला वाटायचं, मी आहेच अशी.

आत्याने आरडाओरडा केला नाही, आणि तेच वाईट लक्षण होतं. ती म्हणाली की रंग जुळवायचं मशीन विकणारा माणूस वर्षभर तिच्या मागे लागलाय. नमुना मशीनखाली धरायचा, बटण दाबायचं, रंग तयार. तीन महिन्यांनी ती त्याला हो की नाही ते सांगणार.

“मशीनला डोकं नसतं,” ती म्हणाली, “त्यामुळे ते फिरत नाही.”

मशीन आलं तर मी तिथे काय करणार, डबे उचलणार? आयुष्यात एकच गोष्ट मला येत होती आणि ती एका बटणात जाणार होती.

आईने मला मानगुटीला धरून आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बरंच विचारलं. कधी होतं, किती दिवस टिकतं, झोप कशी आहे, स्वतःला इजा करावीशी वाटते का. गोळ्या लिहून दिल्या, आणि वर एक चिठ्ठी दिली. दर मंगळवारी दुपारी, दुसरा मजला, एक्स-रेची जुनी खोली, चित्रांचा वर्ग. मला हसूच आलं. दिवसभर मी रंगात असते, नखांतून निघत नाही, आणि औषध काय तर रंग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे औषध नाहीच. काहींना याने हलकं वाटतं, काहींना नाही. तीन महिने करून बघ.

तीन महिने. सगळ्यांना तीन महिनेच कसे सुचत होते कोण जाणे.

त्या खोलीतलं मशीन गेलं होतं, पण शिशाचं जाड दार तसंच होतं, आणि दारावरचा लाल दिवाही. वर्ग घेणाऱ्या ताई तो दिवा लावायच्या, म्हणजे बाहेरच्यांना वाटावं आत काहीतरी धोकादायक चाललंय. ताई पूर्वी नकाशे काढायच्या कचेरीत होत्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणाऱ्या. आम्ही नऊजणी होतो, सगळ्या माझ्यासारखीच चिठ्ठी घेऊन आलेल्या. एक बस चालवायची, तिला सगळ्या ड्रायव्हरबाई म्हणायच्या. एक बँकेतली होती, आवाज असा की साय ओतावी. माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती ड्रायव्हरबाई. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, तू पण चावतेस का? मी म्हटलं, परत विचारून बघ. ती खो खो हसली आणि तिने मला शेजारी जागा दिली.

ताईंचं काम साधं होतं. हाताच्या वितीएवढी कागदाची पट्टी. रोज एक, घरीच. चित्र काढायचं नाही, घर नाही, फूल नाही, नुसता रंग, अंगात जसं असेल तसा. मागे तारीख टाकायची. आणि मंगळवारी इथे येऊन मोठ्या कागदावर तेच. एकच अट होती, कागद वाळल्याशिवाय उठायचं नाही.

पहिला महिना मी नुसती टाळाटाळ केली. रोज रात्री जेवणाच्या ताटाशेजारी बसून एक पट्टी उरकायची. मनात यायचं, या वेळात दहा डबे झाले असते.

मग माझे ते दिवस आले, आणि नेमके मंगळवारी. पाण्याच्या रंगाने मला वेड लावलं. ब्रश टेकवला की रंग भलतीकडेच पळायचा. मी कागद फाडला. दुसरा फाडला. तिसरा घेताना पाण्याचा मग उलटला आणि तो बँकेतलीच्या कागदावर गेला. ती माझ्याकडे अशी काही गोड हसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी तिला नको ते बोलले. मी पिशवी उचलली. आता हाकलतीलच, तर आपणच निघू.

ताईंनी मला अडवलं नाही. त्यांनी फक्त भिंतीपासून भिंतीपर्यंत जाईल एवढा कागद जमिनीवर अंथरला, माझ्या हातात भिंतीचा चार इंची ब्रश दिला आणि पाण्याची अख्खी बादली ठेवली. म्हणाल्या की त्या कागदात मावत नसेल तर यात बघ.

चार इंची ब्रश मला कळतो. मी चप्पल काढली आणि सुरू झाले. काळा नव्हता माझा राग, हे मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं मी काळा घेईन. मी घेतला विटकरी, त्यात जांभळा, त्यात एक घाणेरडा हिरवा, जो मी गिऱ्हाइकाला कधीच दिला नसता. खांद्यापासून हात फिरत होता. गुडघे भिजले. किती वेळ गेला माहीत नाही. थांबले तेव्हा धाप लागली होती आणि कागदावर पाण्याचं तळं झालं होतं.

आणि मग उठायचं नव्हतं. वाळेपर्यंत.

मी भिंतीला टेकून बसले आणि बघत राहिले. माझं अख्खं काम वाळण्याचं आहे, पण वाळताना मी कधी बघितलंच नव्हतं. तळ्याच्या कडा आधी आत सरकायला लागल्या, हळूच, भरती ओसरताना वाळू दिसते तशा. जांभळा विटकरीत शिरून थांबला आणि दोघांच्या मध्ये एक बारीक काळसर रेघ उमटली. ती मी काढली नव्हती, कुणीच काढली नव्हती. आणि गंमत म्हणजे आमच्या इमल्शनच्या अगदी उलटं, हा रंग वाळताना उजळत होता. तो घाणेरडा हिरवा उजळत उजळत असा झाला की मी पुढे वाकून बघत राहिले. छाती अजून दुखत होती. राग गेला नव्हता. पण आता तो तिकडे होता, जमिनीवर, आणि मी इकडे होते, आणि मला तो बघता येत होता.

बँकेतलीने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. मी सॉरी म्हटलं. ती तिच्या सायीच्या आवाजात म्हणाली की परवा तिने नवऱ्याचा चष्मा मुद्दाम पायाखाली घेतला.

त्यानंतर मी एकही पट्टी नुसती उरकली नाही.

तिसरा महिना संपला त्या मंगळवारी ताईंनी आमच्या सगळ्यांच्या पट्ट्या मागितल्या. दोन तास त्या आणि आम्ही मिळून पट्ट्या भिंतीला चिकटवत होतो. प्रत्येकीची एक ओळ, तारखेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे. नऊ ओळी. नव्वद-नव्वद पट्ट्या. चिकटवताना नाकासमोर एकच पट्टी असते, काही कळत नाही. मग ताई म्हणाल्या, आता मागे या सगळ्या, पार दारापर्यंत.

आम्ही मागे गेलो आणि वळलो.

मला नीट सांगता येणार नाही. भिंत श्वास घेत होती. प्रत्येकीच्या ओळीत फिकं, फिकं, मग दाटत दाटत जाणारा एक पट्टा, मग एकदम उघडीप, आणि परत. तीनदा. नऊही ओळींत. कुणाचा पट्टा इथे, कुणाचा चार बोटं पुढे, कुणाचा लांबट, कुणाचा नुसता तीन दिवसांचा पण डांबरासारखा. ड्रायव्हरबाईच्या ओळीत त्या दिवसांत रंगच नव्हता, नुसतं ब्रशच्या दांड्याने खरवडलेलं. आणि बँकेतलीची, त्या सायीच्या बाईची, अशी पेटलेली की माझी तिच्यापुढे काहीच नव्हती. कुणी कुणाचं बघून केलेलं नव्हतं. आपापल्या घरी, आपापल्या ताटाशेजारी, रोज एक पट्टी. आणि आत हे चाललेलं होतं, घड्याळासारखं, आम्हाला न विचारता.

माझ्या अंगावर काटा आला तो कितीतरी वेळ गेला नाही. ड्रायव्हरबाईने माझा हात धरला होता, बस वळवताना स्टेअरिंग धरावं तसा घट्ट.

तिथेच माझ्या डोक्यात आलं, कार्डं.

आमच्या दुकानात प्रत्येक रंगाचं कार्ड असतं. डावीकडे गिऱ्हाइकाने आणलेला तुकडा डिंकाने चिकटवलेला, उजवीकडे आमचा ठिपका, मागे तारीख. ठिपका देऊन कार्ड पेटीत जातं ते जातं, परत कुणी बघत नाही. मी पळत दुकानात गेले. दुपारची सुट्टी होती, शटर अर्धं खाली. मी माझी पेटी काढली आणि जमिनीवर दीड वर्षाची कार्डं तारखेने मांडली.

दिसलंच. तुकडा आणि ठिपका एकजीव, एकजीव, एकजीव, मग पाच-सहा कार्डांवर ठिपका तुकड्यापेक्षा गडद. परत एकजीव. सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी परत गडद. वाचनालय काही एकटं नव्हतं. लोक बिचारे बोलले नव्हते एवढंच.

शटर वाजलं. आत्या आत आली. माझ्या पायाशी काय पसरलंय हे तिला दिसत नव्हतं. एका हाताने सगळं गोळा करून पेटीत टाकलं असतं तर तिला कधीच कळलं नसतं. मशीनवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. आणि तिथे जमिनीवर माझ्याच हाताने मी माझ्याविरुद्ध मांडलेला पुरावा.

मला खोटं बोलता येतं. छान येतं. पण ती भिंत बघून आल्यावर जमेना. मी आत्याला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पट्ट्या, भिंत, कार्डं, कुठे कुठे गडद. आता ती म्हणणार, म्हणून मशीन आणतेय.

तिने वरच्या फळीकडे हात केला. मग म्हणाली, माझ्या पेट्या काढ.

वरच्या फळीवर तिच्या अकरा पेट्या होत्या. अकराही काढल्या. दुकानभर मांडल्या, काउंटरखाली, डब्यांच्या मधून, पार मोरीपर्यंत. मी गुडघ्यांवर सरकत मांडत होते आणि तिला सांगत होते, कारण तिला ते दिसणार नव्हतं. इथे जुळलंय आत्या. इथे पण. इथून गडद, पाच कार्डं. मग जुळलंय. परत गडद. आत्याच्या तोंडी लागायची गिऱ्हाइकांची टाप नव्हती, म्हणून कुणी तक्रार केली नसेल, पण होतं. महिन्यामागून महिने. वर्षं. ती नुसती मान हलवत होती. मध्येच एक तारीख सांगून विचारायची, तेव्हाचं काय? मी बघून सांगायची, गडद. तिने तीन-चार तारखा विचारल्या. एक, ती माझ्या बाबांशी भांडून घरातून वेगळी झाली त्या दिवसाची होती, ती मला माहीत होती. बाकीच्या मी विचारल्या नाहीत. सगळ्या गडद.

आणि मग मोरीजवळ एका ठिकाणी ते थांबलं. गडद आलंच नाही. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्यात नाही. सपाट, शांत, प्रत्येक ठिपका तुकड्यात विरघळलेला, शेवटपर्यंत. मी तारीख वाचली.

“त्या वर्षी माझी पाळी गेली,” आत्या म्हणाली.

दुकानात रंगाचा वास होता आणि बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मी त्या लांबच लांब लाटांच्या मधोमध बसले होते, एका बाईचं अख्खं वय माझ्या गुडघ्यांभोवती, आणि मला हलायची भीती वाटत होती.

“मला वाटायचं,” ती म्हणाली, “माझा स्वभावच वाईट.”

मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं, तेव्हाही ती रडली नाही. तिने वाकून हाताला लागलं ते एक कार्ड उचललं आणि अंगठ्याने त्यावरचा ठिपका चाचपत बसली.

दुसऱ्या दिवशी मशीनवाला आला. आत्याने त्याला सोमवारी यायला सांगितलं. कारण तिच्याकडे एक काम आलं होतं आणि त्यावरून ती ठरवणार होती. एका दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पाइप फुटला म्हणून भिंत फोडली होती. आता मधोमध दाराएवढं सिमेंटचं ठिगळ, आणि भोवती दहा वर्षांचा, ऊन खाल्लेला हिरवा. तो जुळवायचा. सोमवारी दवाखाना उघडणार, म्हणजे काम रविवारी. मी मनात मोजलं. रविवार माझ्या गडद पट्ट्याच्या मधोमध येत होता. मी आत्याला सांगितलं की एक दिवस पुढे ढकल. ती म्हणाली की लोकांचे दात आपल्या तारखा बघून दुखत नाहीत.

मग म्हणाली, “मी येते. डोळे तुझे, बोट माझं.”

रविवारी सकाळी मी चार इंची ब्रश घेऊन अंगणात जुन्या वर्तमानपत्रांवर अर्धा तास हात फिरवला. राग गेला नाही. जरा बाजूला उभा राहिला. दवाखान्यात मी डबा उघडला, आत्या भिंतीशी स्टूल ओढून बसली, लंबू पेंटर जिन्यात विडी ओढत थांबला. मी कालवलं, आणि जुन्या हिरव्यावर बोटाएवढा ठिपका दिला. फिका दिसला. माझा हात डब्याकडे गेला.

“डोळे मीट,” आत्या म्हणाली. “मी सांगेपर्यंत.”

तिने ठिपक्याच्या कडेला बोट टेकवलं. दर थोड्या वेळाने टेकवायची आणि म्हणायची, ओलं आहे. मी म्हटलं की मला कळतं, बावळट नाही मी. ती म्हणाली, ओलं आहे. मी म्हटलं की तुला दिसत नाही म्हणून सगळ्यांना आंधळं करतेस का? लंबू जिन्यात खोकला. बोलून झाल्यावर माझेच कान तापले. आत्याचा आवाज जराही हलला नाही.

“गडद दिवस आहे तुझा,” ती म्हणाली. “ओलं आहे.”

मिटल्या डोळ्यांत मला तळ्याच्या कडा आत सरकताना दिसत होत्या. पहिला ठिपका चुकला, किंचित पिवळा हवा होता. दुसरा जवळ आला. तिसऱ्याला तिने बोट टेकवलं, परत टेकवलं, नंतर अख्खा तळवा भिंतीवरून फिरवला.

“वाळलं. बघ.”

मी डोळे उघडले. समोर हिरवी भिंत होती. मी एक पाऊल पुढे गेले, मग खाली वाकले, मग उजेड आडवा यावा म्हणून बाजूने बघितलं.

आत्या विचारत होती, काय झालं, जुळला का, बोल की. लंबू विडी विझवून आत आला होता आणि माझ्या खांद्यावरून बघत होता. मला तिला उत्तर द्यायचं होतं. पण त्याआधी मी ठिपका कुठे दिला होता तो शोधत होते, आणि तो मला सापडत नव्हता.